प्रादेशिक वीजजाळ्याचे नियोजन कसे सुधारावे : आधी खर्चाची वाटणी, मग वाहिन्यांचा नकाशा

जमीन आणि परवाने हाती असतील तर सौर किंवा पवन ऊर्जेचा मोठा प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज दूरच्या शहरांपर्यंत नेणाऱ्या अतिउच्चदाब वाहिनीला मात्र पहिल्या आखणीपासून कार्यान्वित होईपर्यंत आठ-दहा वर्षे सहज लागतात, आणि या दोन वेगांमधल्या तफावतीची किंमत अखेर ग्राहकच मोजतो. चीनच्या गान्सू प्रांतात २०१६ मध्ये पवनऊर्जेची सुमारे ४३ टक्के वीज वापराविना गेली, कारण ती बाहेर नेण्याची क्षमता अपुरी होती आणि कोळशाच्या संचांचे ठरलेले तास कमी करायला कोणी तयार नव्हते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सौर प्रकल्प झपाट्याने उभे राहिले. पण कार्दोनेस ते पोलपायको ही ५०० केव्हीची (किलोव्होल्ट दाबाची) वाहिनी २०१९ मध्ये पूर्ण होईपर्यंत उत्तरेत दुपारच्या विजेचा घाऊक भाव वारंवार शून्यावर येत होता आणि त्याच वेळी मध्य चिलीतले ग्राहक महाग वीज घेत होते.

हे लेखन नियामक आयोगांपुढे बाजू मांडणाऱ्या ग्राहक संघटना, राज्यांच्या ऊर्जा विभागांतले अधिकारी, धोरणाचे अभ्यासक आणि आपल्या वीजबिलातला पारेषणाचा, म्हणजे वीज दूरवर वाहून नेण्याचा, आकार कुठून येतो हे जाणून घेऊ इच्छिणारे जागरूक ग्राहक यांच्यासाठी आहे. बहुतेक सुधारणा नकाशावर नव्या वाहिन्या रेखाटण्यापासून सुरू होतात आणि पैसे कोणी द्यायचे या प्रश्नापाशी येऊन अडतात. म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे : निर्णय कोण घेतो हे आधी पाहावे, खर्चाच्या वाटणीचा नियम त्यानंतर ठरवावा, लाभ मोजण्याची रीत मग निश्चित करावी, आणि वाहिन्यांची निवड त्यानंतरच करावी.

निर्णय नेमका कोण घेतो ते शोधावे

कागदावर नियोजन बहुधा एखाद्या प्रादेशिक संस्थेकडे असते, पण प्रत्यक्षात मागणीचा अंदाज वितरण कंपन्या देतात, वाहिन्यांची यादी पारेषण कंपन्या तयार करतात आणि प्रादेशिक संस्था त्या याद्या एकमेकींना जोडून त्यावर आपले मुखपृष्ठ चढवते. अशा दस्तऐवजाला आराखडा म्हणणे धाडसाचे आहे. त्यामुळे पहिले काम म्हणजे एका कागदावर पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे : अंदाज कोण करतो, पर्याय कोण सुचवतो, निवड कोण करतो, बांधणी कोण करतो आणि मंजुरी कोण देतो. या पाचपैकी तीन-चार जागी एकच कंपनी दिसली, तर दोष कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पारेषण कंपनीचा नफा बहुतेक देशांत तिने गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक दराने दिला जातो. त्यामुळे स्वतःच्या क्षेत्रात, स्पर्धेविना आणि फारशा छाननीविना होणारी कामे तिला साहजिकच प्रिय असतात. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०११ मध्ये काढलेल्या आदेश क्रमांक १००० चा अनुभव या बाबतीत बोलका आहे. प्रादेशिक प्रकल्पांवर जुन्या कंपन्यांचा असलेला पहिला हक्क त्या आदेशाने काढून घेतला आणि तेथे स्पर्धेला वाट करून दिली. पण स्थानिक प्रकल्प आणि जुन्या वाहिन्यांची बदली यांना ही अट लागू नव्हती. पुढच्या दशकात गुंतवणूक मोठ्या प्रमाणावर त्याच सवलतीच्या कामांकडे वळली. अर्धीच बंद केलेली पळवाट किती रुंद ठरते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

यावर दोन उपाय एकत्र करावे लागतात. पहिला, एका ठरावीक दाबाच्या वरची प्रत्येक वाहिनी आणि प्रत्येक उपकेंद्र, मग ते नवे असो वा जुन्याच्या जागी येणारे, त्याच प्रादेशिक आराखड्यातून गेले पाहिजे, म्हणजे आयुष्य संपलेली वाहिनी बदलताना तिथेच अधिक क्षमतेची वाहिनी टाकावी का हा प्रश्न वेळेवर विचारला जातो. दुसरा, नियोजन करणारी संस्था वाहिन्यांच्या मालकीपासून वेगळी असावी. ग्रेट ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून हे काम सार्वजनिक मालकीच्या स्वतंत्र संस्थेकडे गेले, तर भारतात केंद्रीय पारेषण उपक्रमाचे, म्हणजे आंतरराज्य वाहिन्यांच्या नियोजनाचे, काम २०२१ मध्ये पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीच्या एका वेगळ्या उपकंपनीकडे सोपवण्यात आले. उपकंपनी हे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, परंतु ती त्या दिशेची पायरी आहे.

खर्चाची वाटणी आधी ठरवावी

वाहिनी एका राज्यातून सुरू होते, दुसऱ्यातून जाते आणि तिचा लाभ तिसऱ्यालाही मिळतो. पैसे भरायची वेळ आली की प्रत्येक राज्य आपला लाभ कमी आणि शेजाऱ्याचा जास्त असल्याचे सांगते, आणि यात कोणी खोटे बोलत असेलच असे नाही, कारण मोजण्याची पद्धत ठरलेली नसेल तर प्रत्येकाचे गणित आपापल्या परीने बरोबरच असते. वाहिनी निवडल्यानंतर हा वाद सुरू झाला तर तो वर्षानुवर्षे चालतो; निवडीपूर्वी, कोणाला काय मिळणार हे कोणालाच नीट ठाऊक नसताना, नियमावर एकमत होणे तुलनेने सोपे असते.

रूढ पद्धती तीन आहेत. पहिलीत सगळा खर्च प्रदेशातल्या सर्व ग्राहकांवर समान दराने पसरतो, दुसरीत ज्याला जितका लाभ तितका त्याचा वाटा असतो, आणि तिसरीत नव्याने जोडणी मागणाऱ्या वीजप्रकल्पाने जाळ्यातल्या सुधारणांचा खर्च सोसायचा असतो. तिसरी पद्धत वरवर न्याय्य दिसते, पण मोठ्या जाळ्यासाठी ती सर्वांत वाईट आहे : एका प्रकल्पाच्या वाट्याला अशा वाहिनीचे बिल येते जिचा उपयोग पुढे पन्नास प्रकल्पांना आणि लाखो ग्राहकांना होणार असतो, आणि तो प्रकल्प मुकाट्याने अर्ज मागे घेतो.

पहिल्या पद्धतीचे गाजलेले उदाहरण टेक्सासचे. तेथील विधिमंडळाने २००५ मध्ये कायदा करून वाऱ्याचे पट्टे आधी ठरवायला आणि वाहिन्या त्यांच्यापर्यंत न्यायला सांगितले; तेव्हा त्या पट्ट्यांत बहुतेक प्रकल्प यायचेच होते. सुमारे ५,८०० किलोमीटर वाहिन्यांचे हे काम २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण झाले, त्यावर ७ अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि साडेअठरा हजार मेगावॉट वीज वाहून नेण्याची सोय झाली. खर्च त्या जाळ्यातल्या सर्व ग्राहकांवर पसरला. मात्र टेक्सासचे जाळे जवळपास एकाच राज्याच्या हद्दीत आहे आणि त्याचा नियामकही एकच आहे, हे विसरून ते उदाहरण जसेच्या तसे दुसरीकडे नेऊ नये.

अनेक राज्यांच्या प्रदेशासाठी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील वीजजाळे चालवणाऱ्या मिसो या संस्थेची रीत अधिक उपयोगी आहे. तिने २०११ मध्ये १७ प्रकल्प सुटे सुटे न मांडता एकत्रित संच म्हणून मंजूर केले आणि त्यांचा खर्च सर्व सदस्य क्षेत्रांवर पसरला. एकट्या वाहिनीचा लाभ नेहमी एका बाजूला झुकलेला असतो, पण सतरा वाहिन्या एकत्र पाहिल्या की प्रत्येक राज्याच्या पदरात काहीतरी पडते आणि ते आकड्यांत दाखवता येते. त्यापूर्वी, २००९ मध्ये, तेथील एका संघीय अपील न्यायालयाने खर्चाचा वाटा लाभाशी ढोबळमानाने तरी सुसंगत असावा असे बजावले होते. पैशापर्यंत हिशेब जुळण्याची अपेक्षा न्यायालयानेही ठेवली नव्हती. माझ्या मते वाटणीचा नियम लिहिताना ‘ढोबळमानाने’ ही सूट जपून ठेवावी, कारण अचूकतेचा हट्ट हा प्रकल्प लांबवण्याचा सर्वांत सभ्य मार्ग असतो.

भारताने २०२० च्या नियमांत मिश्र वाटणी स्वीकारली : आंतरराज्य पारेषणाच्या खर्चाचा काही भाग राष्ट्रीय, काही प्रादेशिक आणि काही प्रत्यक्ष वापरानुसार वसूल होतो. त्याच्या जोडीला ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित होणाऱ्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण आकारातून पूर्ण माफी होती, आणि त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. माफीमुळे प्रकल्प वेगाने आले, हे खरेच. पण वाहिनी फुकट वाटू लागली की विकासक ऊन आणि जमीन पाहतो, अंतर पाहत नाही. मग प्रकल्प मोजक्या राज्यांत दाटतात आणि लांब वाहिन्यांचा भार इतर वापरकर्त्यांच्या दरात जातो. सवलत द्यायचीच असेल तर ती मुदतीची असावी, तिचा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवावा आणि जागेच्या निवडीबद्दलचा दरसंकेत, म्हणजे दूरच्या जागेला जास्त आकार हा इशारा, पूर्णपणे पुसू नये.

वीस वर्षे, अनेक भविष्ये आणि सर्व लाभ

पारेषण वाहिनी चाळीस-पन्नास वर्षे उभी राहते. तिचा निर्णय पाच वर्षांच्या मागणीवर घेणे गैर आहे. अमेरिकेच्या आयोगाने मे २०२४ मध्ये काढलेल्या आदेश क्रमांक १९२० ने वीस वर्षांचा पल्ला, किमान तीन भविष्यचित्रे, सात प्रकारच्या लाभांची मोजणी आणि निदान पाच वर्षांतून एकदा फेरआखणी बंधनकारक केली. ऑस्ट्रेलियाची बाजार संचालक संस्था २०१८ पासून दर दोन वर्षांनी पूर्व किनाऱ्यावरच्या जोडलेल्या जाळ्याचा एकात्मिक आराखडा काढते. त्याचे मसुदे, गृहीतके आणि त्यांवरच्या हरकती उघड्यावर असतात.

भविष्यचित्रे करताना दोन पथ्ये पाळावीत. एक म्हणजे ती खरोखर वेगवेगळी असावीत. मधले चित्र, त्याहून थोडे कमी आणि थोडे जास्त अशी तीन चित्रे केली तर ते एकच चित्र तीनदा काढल्यासारखे होते. विद्युत वाहने जोरात येणे, उद्योग अपेक्षेपेक्षा मंदावणे, छपरांवरचे सौर संच आणि बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त होणे, अशी मुळातच भिन्न कारणे घ्यावीत. दुसरे म्हणजे जुन्या अंदाजांचा हिशेब मागावा. भारताच्या अठराव्या विद्युत सर्वेक्षणाने २०२१-२२ साठी सुमारे २८३ गिगावॉट कमाल मागणी वर्तवली होती. प्रत्यक्षात ती २०३ गिगावॉटच्या जवळपास राहिली. अशा चुकीमुळे उभी राहणारी जादा क्षमता ग्राहक कित्येक वर्षे फेडत असतो. आज हाच धोका माहिती केंद्रांच्या (डेटा सेंटर) अर्जांत आहे, कारण एकच कंपनी एका केंद्रासाठी तीन-चार ठिकाणी जोडणी मागते आणि नियोजनकार चारही अर्ज मागणीत धरतो. अनामत रक्कम आणि किमान वापराची हमी घेतल्याशिवाय असा भार अंदाजात पूर्ण धरू नये.

चित्रे तयार झाली की प्रत्येक प्रस्तावित वाहिनी सर्व चित्रांत तपासावी. सगळ्याच चित्रांत उपयोगी ठरणाऱ्या वाहिन्या लगेच घ्याव्यात. एखाद्याच चित्रात लागणाऱ्या वाहिनीचा केवळ पर्याय जिवंत ठेवावा, म्हणजे मार्ग निश्चित करून परवाने घ्यावेत, पण तारा ओढू नयेत. दोन परिपथांचे (तारांच्या दोन स्वतंत्र संचांचे) मनोरे उभारून सुरुवातीला एकच परिपथ ओढणे हाही याच जातीचा जुना आणि बिनगाजावाजाचा उपाय आहे.

लाभांच्या मोजणीत सर्वांत जास्त गफलत होते. विश्वासार्हतेसाठीची वाहिनी, बाजारासाठीची वाहिनी आणि स्वच्छ ऊर्जेसाठीची वाहिनी अशा तीन वेगळ्या चाळण्या लावल्या जातात आणि तिन्ही कारणांनी थोडी थोडी उपयोगी असलेली वाहिनी तिन्ही चाळण्यांतून गळते. त्याऐवजी इंधनखर्चातली बचत, तारांमधली गळती कमी होणे, राखीव क्षमता कमी लागणे, वाहिनीअभावी वाया जाणारी स्वस्त वीज वाचणे, वादळात किंवा उष्णतेच्या लाटेत शेजारच्या प्रदेशाची मदत मिळणे आणि पुढे ढकलता येणारी इतर कामे हे सर्व एकाच तक्त्यात मांडावे. एक इशारा मात्र द्यायला हवा : इंधनबचत आणि बाजारभावातली घट ही अनेकदा एकच गोष्ट दोन नावांनी येते, आणि दुहेरी मोजणी उघड झाली की संपूर्ण आराखड्यावरचा विश्वास उडतो. म्हणून प्रतिमान (गणिताचे मॉडेल), निविष्टी (त्यात भरलेले आकडे) आणि वटणावळीचा दर (भविष्यातल्या रकमेचे आजचे मोल काढण्याचा दर) हे तिन्ही प्रसिद्ध करण्याची अट आधीच घालावी.

आहे त्या तारांतून अधिक काढावे

नवी वाहिनी मंजूर करण्यापूर्वी जुनीच्या क्षमतेचा पुरेपूर उपयोग झाला का, हे विचारण्याची सक्ती असावी. तारेची क्षमता बहुतेक ठिकाणी कडक ऊन आणि मंद वारा गृहीत धरून कायमची ठरवलेली असते; प्रत्यक्ष हवामान मोजून ती दर तासाला ठरवली तर वर्षातला बराच काळ जास्त वीज नेता येते, आणि त्यातही वारा जोरात असतो तेव्हा पवनचक्क्या भरात असतात आणि ताराही थंड राहतात, हा निसर्गाचा सोयीस्कर योगायोग आहे. त्याच मनोऱ्यांवर संमिश्र गाभ्याच्या (पोलादाऐवजी हलक्या संमिश्र पदार्थाचा गाभा असलेल्या) तारा चढवल्या तर क्षमता अनेकदा दुपटीच्या जवळ जाते, शिवाय नवी जमीन लागत नाही. वीजप्रवाहाची वाट बदलणारी उपकरणे आणि कोंडीच्या दोन्ही टोकांना ठेवलेल्या बॅटऱ्या हे आणखी पर्याय आहेत.

हे उपाय स्वस्त आहेत आणि नेमकी तीच त्यांची अडचण आहे, कारण भांडवलावर परतावा मिळवणाऱ्या कंपनीला कमी भांडवलाच्या कामात रस नसतो. ब्रिटनच्या ऑफजेम या नियामकाने २०१३ पासून भांडवली आणि चालू खर्च एकत्र धरून परतावा देण्याची पद्धत आणली, ती याच कारणासाठी. ही तरतूद नसेल तर पर्यायांची चाचणी कागदोपत्रीच उरकली जाते.

जोडणीची रांग

आराखडा आणि जोडणीचे अर्ज हे दोन वेगळे दरवाजे ठेवले की रांग फुगते. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस सुमारे २,६०० गिगावॉटचे प्रकल्प जोडणीच्या प्रतीक्षेत होते. २००० ते २०१८ या काळात अर्ज केलेल्या प्रकल्पांपैकी जेमतेम १९ टक्के तोवर उभे राहिले होते. आधी येणाऱ्याला आधी संधी या नियमात निव्वळ जागा अडवून ठेवणारे अर्ज भरपूर येतात, आणि पुढचा एक अर्ज गळाला की मागच्या सगळ्यांचा अभ्यास नव्याने करावा लागतो. तेथील आयोगाने जुलै २०२३ मध्ये अर्जांचा गटाने अभ्यास आणि तयारी असलेल्याला प्राधान्य असा बदल केला. ब्रिटननेही त्याच धर्तीवर रांग नव्याने लावायला घेतली आहे.

येथे अनामत रकमेचा मोह आवरावा. ती फार वाढवली तर सट्टेबाज जातात हे खरे, पण त्यांच्याबरोबर सहकारी संस्था आणि छोटे विकासकही जातात. जमिनीच्या ताब्याचा पुरावा ही अधिक चांगली कसोटी आहे. आराखड्यात आधीच ठरलेल्या क्षेत्रातल्या अर्जांना वेगळी, वेगवान वाट दिली तर रांग आणि आराखडा आपोआप एकमेकांना जोडले जातात.

जमीन आणि मार्ग

आखणी कितीही उत्तम असली तरी वाहिनी अखेर कोणाच्या तरी शेतातून जाते. जर्मनीत उत्तरेची पवनऊर्जा दक्षिणेकडे नेणारी सुमारे ७०० किलोमीटरची ‘जूडलिंक’ २०२२ पर्यंत व्हायची होती. मनोऱ्यांना झालेल्या विरोधानंतर २०१५ च्या अखेरीस भूमिगत केबलला प्राधान्य देणारा कायदा झाला, मार्गाची आखणी जवळपास नव्याने सुरू झाली आणि आता २०२८ चे उद्दिष्ट आहे. भारतात माळढोक पक्ष्याच्या अधिवासातल्या वाहिन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्यापक क्षेत्रात भूमिगत केबलचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. दोन्ही प्रकरणांत आक्षेप आधीपासून माहीत असलेले होते. म्हणून पर्यावरणाचा आणि जमीनवापराचा नकाशा भविष्यचित्रांच्या टप्प्यावरच जोडावा, आणि मोबदला मनोऱ्याच्या पायापुरता न देता तारांखालच्या पट्ट्याचाही द्यावा. हा खर्च एकूण प्रकल्पाच्या मानाने लहान असतो, तर विलंबाचा खर्च मुळीच लहान नसतो.

सुनावणीत काय मागावे

नियोजनाची कागदपत्रे जाणूनबुजून नव्हे, पण खात्रीने कंटाळवाणी असतात. ती शेवटपासून वाचावीत. परिशिष्टांत मागणीची गृहीतके, इंधनाचे भाव आणि नाकारलेल्या पर्यायांची यादी असते, आणि नाकारण्याचे कारण एका ओळीत आटोपलेले दिसले तर हरकत तिथूनच सुरू करावी. ‘स्वच्छ ऊर्जा हवी’ असे निवेदन देऊन काही साधत नाही. ‘अमुक वाहिनीच्या लाभांत गळतीतली घट का धरली नाही’, ‘संमिश्र तारांचा पर्याय कोणत्या दराने तपासला’, ‘स्थानिक यादीतली ही बदली प्रादेशिक छाननीतून का वगळली’ असे प्रश्न लेखी विचारावेत, कारण त्यांचे उत्तर अभिलेखात नोंदवावे लागते आणि पुढे अपिलात उपयोगी पडते. राज्याच्या नियामकाकडे स्वतःचे प्रतिमान चालवणारा एखादा तरी अभियंता असावा, यासाठीही आग्रह धरावा. अन्यथा आयोगाला कंपनीचेच आकडे कंपनीला परत विचारावे लागतात.

मंजुरीनंतरचा टप्पा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. स्पर्धात्मक निविदेने दिलेल्या कामात किंमत बऱ्याच अंशी बांधलेली असते, पण नामनिर्देशनाने, म्हणजे निविदेविना थेट, दिलेल्या कामात खर्च वाढला की तो दरात येतो. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वाहिनीसाठी मंजूर खर्च, सध्याचा खर्च, ठरलेली तारीख आणि अपेक्षित तारीख यांचा तिमाही तक्ता प्रसिद्ध करण्याची अट मंजुरीच्या आदेशातच घालून घ्यावी, ठरावीक टक्क्यांपलीकडच्या वाढीसाठी स्वतंत्र सुनावणी मागावी, आणि वाहिनी कार्यान्वित झाल्यानंतर पाच वर्षांनी प्रत्यक्ष वीजप्रवाह व प्रत्यक्ष बचत मूळ तक्त्याशी ताडून पाहण्याची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी लिहून घ्यावे.